कॅम्पियन वाद, १५८०–८४: जोडवाचनाच्या प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५

व्याप्ती ठरली. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमधलं एकच प्रकरण घ्यायचं. जेझुइट या कॅथलिक संघाचा पाद्री एडमंड कॅम्पियन याने १५८० मध्ये प्रोटेस्टंट राणी एलिझाबेथच्या प्रिव्ही कौन्सिलला, म्हणजे सल्लागार मंडळाला, लिहिलेलं पत्र, १५८१ मध्ये चोरून छापलेलं त्याचं लॅटिन पुस्तक ‘रॅशिओनेस डेकेम’ (‘दहा कारणे’), आणि त्यावर १५८४ पर्यंत दोन्ही बाजूंनी निघालेली छापील खंडनं-मंडनं. मराठी वाचकाला हा वाद मूळ मजकुरांतून वाचता यावा एवढाच हेतू.

तक्त्यात एका ओळीत एक पुस्तक लावून काही हाती लागत नाही. समर्थनपर पुस्तक एकटं वाचलं की ते हवेत काठी फिरवल्यासारखं वाटतं. म्हणून एका ओळीत एक जोडी: आरोप आणि त्याचं उत्तर. रकाने असे: पुस्तक, कोणाच्या उत्तरादाखल, मूळ पुस्तकातलं वाक्य, तेच वाक्य प्रतिपक्षाने उद्धृत केलं तसं, दोहोंतला फरक, तारीख, मुखपृष्ठावर छापलेला छापखाना, खरा छापखाना.

शेवटचे दोन रकाने वेगळे ठेवणं भाग आहे. कॅम्पियनचा जेझुइट सहकारी रॉबर्ट पर्सन्स याचं ‘ब्रीफ डिस्कोर्स’ (१५८०) पाहा: मुखपृष्ठावर मुद्रक जॉन लायन, गाव डुए; लेखकाचं नाव हाउलेट. छपाई झाली लंडनला लागून असलेल्या ईस्ट हॅममध्ये, ग्रीनस्ट्रीट हाउस नावाच्या घरात. नाव, गाव, मुद्रक तिन्ही बनावट. ग्रंथालयांच्या सूचींत अशा वेळी खरी माहिती चौकोनी कंसात असते. सूचीतून नोंद उतरवताना तो कंस गळला की बनावट गाव खरं होऊन बसतं.

शब्दकोशातली पहिली नोंद आजच घातली. ‘अपोलोगिया’ म्हणजे समर्थन. आजच्या इंग्रजी ‘अपॉलॉजी’मुळे अनुवादाच्या पहिल्या मसुद्यात प्रोटेस्टंट बिशप जॉन ज्युएलच्या १५६२ च्या ‘अपोलोगिया’चं ‘इंग्लंडच्या चर्चचा माफीनामा’ झालं होतं. ज्युएल माफी मागणाऱ्यांतला नव्हता. त्याने १५५९ मध्ये सेंट पॉल्स क्रॉसच्या जाहीर प्रवचनात कॅथलिक पक्षाला आव्हान दिलं होतं, आणि कॅम्पियनच्या पत्राला त्या आव्हानाची पार्श्वभूमी आहे. त्यामुळे ज्युएल आणि कॅथलिक पंडित हार्डिंग यांचा वाद (हार्डिंगचं १५६५ चं ‘कन्फ्यूटेशन’, ज्युएलचं १५६७ चं ‘डिफेन्स’) पूर्वपीठिका म्हणून एका ओळीत ठेवला. त्यात शिरलो तर प्रकल्प तिथेच संपेल.

११ जुलै

पत्राचं काम.

कॅम्पियनने ते जुलै १५८० मध्ये लंडनबाहेर हॉक्स्टन इथे घाईघाईत लिहिलं, टॉमस पाउंडच्या आग्रहावरून. पकडलं गेल्यावर सरकार आपल्या नावावर काहीही खपवेल, तेव्हा आपलं म्हणणं आधीच लिहून ठेवावं, हा हिशेब. म्हणजे इथे बचाव आधी आणि आरोप नंतर आहे, आणि तक्त्यातल्या ‘कोणाच्या उत्तरादाखल’ या रकान्यात पहिल्याच ओळीला काही भरता येत नाही. तिथे ‘संभाव्य आरोप’ असं लिहिलं.

एक प्रत त्याने स्वतःजवळ ठेवली, दुसरी पाउंडला दिली. तिच्यावर मोहर लावायची राहिली. पाउंड मार्शलसी तुरुंगातला कैदी. त्याने ती वाचली, इतरांना दाखवली, नकला निघाल्या. सप्टेंबरात त्याला बिशप्स स्टॉर्टफर्डच्या किल्ल्यात हलवलं, तोवर पत्र गावभर झालं होतं.

ते छापून लोकांसमोर आणलं मात्र प्रोटेस्टंट विरोधकांनी. विल्यम चार्कचं उत्तर १५८० च्या अखेरीस निघालं. मेरेडिथ हॅनमरचं १५८१ मध्ये. हॅनमरने पत्राचं एकेक कलम देऊन त्याखाली आपलं उत्तर घातलं. ज्याला पत्र हाती लागण्याची सोय नव्हती, त्याला ते हॅनमरच्या पुस्तकात राजरोस विकत मिळालं. खंडन करणाराच जतन करतो, हे चार्वाकांच्या बाबतीत आपल्याला ठाऊक आहे: त्यांची मतं बहुतेक विरोधकांच्या पूर्वपक्षांतूनच कळतात. तीच सावधगिरी इथे पाळायची. हॅनमरचा छापील पाठ हा एक पाठ. हस्तलिखित नकलांशी ताडून पाहिल्याशिवाय त्याला ‘मूळ’ म्हणायचं नाही.

नऊ कलमं आहेत. पहिली तीन: मी कोण, कोणाच्या आज्ञेने आलो, माझं काम काय. चौथं: राजकारणात पडायला मला मनाई आहे. पाचवं: तीन सभा द्या, एक कौन्सिलपुढे, एक विद्यापीठांच्या पंडितांपुढे, एक धार्मिक आणि लौकिक कायद्याच्या वकिलांपुढे. आठव्यात जेझुइट संघाच्या एकजुटीचा आणि क्रूस आनंदाने वाहण्याचा मजकूर, जो नंतर सगळ्यांनी उचलला.

पाचव्या कलमात सभांना जे विशेषण लावलं आहे त्याचा आजच्या इंग्रजीत अर्थ होतो ‘उदासीन’. त्या काळी अर्थ होता ‘निःपक्षपाती’. उदासीन श्रोते मागणारा वादी हास्यास्पद ठरला असता. मसुद्यात तो तसा ठरलाही होता. दुरुस्त केलं.

आता सहावं कलम. त्यात तो म्हणतो, उर्मट बढाई किंवा आव्हान वाटेल असं काही बोलणं मला जड जातं. विरोधकांनी नेमके तेच दोन शब्द उचलून पत्राचं बारसं केलं: हॅनमरच्या पुस्तकाचं नावच ‘थोर बढाई आणि आव्हान’. आजतागायत इंग्रजीत हे पत्र ‘बढाई’ याच नावाने ओळखलं जातं, आणि कॅथलिक लेखकही तेच नाव वापरतात. नाकारलेला शब्दच माणसाच्या कपाळी चिकटला. आपल्या संस्करणात शीर्षक ‘कौन्सिलला पत्र’. ‘बढाई’ हा शब्द फक्त हॅनमरच्या तोंडी.

त्याच शीर्षकात कॅम्पियनचं नाव ‘चॅम्पियन’ असं छापलं आहे आणि पुढे ‘ज्याला सामान्यतः एडमंड कॅम्पियन म्हणतात’ अशी पुस्ती आहे. तेव्हाची वर्णलेखनपद्धती सैल होती हे खरं, तरी श्लेषाचा वास येतो. अनुवादात ‘चॅम्पियन’ तसंच ठेवलं आणि समासात टीप.

१६ जुलै

तारखा. इथे घसरणं फार सोपं आहे.

पहिली अडचण: इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. लंडनच्या टॉवर या किल्ल्यात कैदेतल्या कॅम्पियनशी झालेल्या वादविवादाचा सरकारी वृत्तांत १ जानेवारी १५८३ या तारखेचा आहे. आपल्या मोजणीने ते १५८४. न बदलता उतरवलं तर तो राणीचा मंत्री बर्ली याच्या डिसेंबर १५८३ च्या पुस्तिकेआधी जाऊन बसतो आणि कोणी कोणाला उत्तर दिलं हा क्रमच उलटतो. जानेवारी, फेब्रुवारी आणि २४ मार्चपर्यंतची प्रत्येक तारीख आता दोन्ही वर्षांसह: १५८३/८४.

दुसरी अडचण: दिनदर्शिका. ऑक्टोबर १५८२ पासून रोममध्ये नवी ग्रेगोरियन दिनदर्शिका. फ्रान्समध्ये त्याच वर्षी ९ डिसेंबरनंतर थेट २० डिसेंबर. इंग्लंड जुन्यावरच. रीम्स किंवा रुआँहून निघालेला मजकूर आणि लंडनचा मजकूर यांच्यात त्यानंतर १० दिवसांचं अंतर. कॅम्पियनच्या हयातीतल्या नोंदींना याचा त्रास नाही, १५८३ च्या पुढच्यांना आहे.

तिसरी: राजवर्ष. एलिझाबेथचं वर्ष १७ नोव्हेंबरला बदलतं. कॅम्पियनवर आरोप वाचून दाखवले १४ नोव्हेंबर १५८१ ला, म्हणजे २३ व्या राजवर्षात; खटला चालला २० नोव्हेंबरला, म्हणजे २४ व्या. सहा दिवसांच्या अंतराने दोन वर्षं. तक्त्यात राजवर्षाचा वेगळा रकाना केला. तो हाताने भरायचा, सूत्राने नाही, कारण सूत्र लिहिणाऱ्याने वर्ष जानेवारीपासून धरलं होतं.

२१ जुलै

‘दहा कारणे’ची छपाई. हा भाग सविस्तर ठेवायचा, कारण खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांची, टंचाई थेट पानावर उमटली आहे.

क्रम असा. कॅम्पियनने पुस्तक १५८०–८१ च्या हिवाळ्यात, उत्तर इंग्लंडमध्ये घरोघरी लपून फिरताना लिहिलं. त्याच्या मनातलं पहिलं नाव होतं ‘हताश पाखंड’. हस्तलिखित पर्सन्सकडे आलं, तेव्हा समासातले संदर्भ पाहून तो चरकला: एक संदर्भ चुकला तर सगळं पुस्तक खोटं पाडतील. टॉमस फिट्झहर्बर्टने लंडनच्या ग्रंथालयांत बसून संदर्भ पडताळले. दरम्यान छापखाना ग्रीनस्ट्रीटहून हलला, साउथवर्कमध्ये काही काळ राहिला आणि अखेर ऑक्सफर्डपासून फार लांब नसलेल्या स्टोनर पार्कमध्ये, डेम सेसिली स्टोनरच्या घरात आला. व्यवस्था स्टीफन ब्रिंकलीची. कामगारांना सभ्य गृहस्थांचे कपडे घालून ये-जा करायला लावत, म्हणजे गावात संशय नको.

खिळे कमी. त्यामुळे थोडी पानं जुळवायची, छापायची, खिळे सोडवून पुन्हा खणांत टाकायचे, मगच पुढची पानं. याचा परिणाम मुद्रितशोधनावर होतो: खिळे एकदा सुटले की मागच्या फर्म्यातली चूक दुरुस्त करायला काही उरत नाही. लेखक यंत्राजवळ हजर हवा. कॅम्पियन स्वतः स्टोनरला येऊन राहिला त्यामागचं व्यावहारिक कारण हे.

वेळेचा हिशेब मांडून पाहिला. हातयंत्रावर दोन माणसं तासाला २५० ताव एका बाजूने छापतात, असा इंग्लिश छापखान्यांचा नेहमीचा हिशेबी आकडा आहे. प्रत्यक्षात कमीच पडतो. प्रती ४०० च्या वर. म्हणजे एक ताव दोन्ही बाजूंनी छापायला कागदोपत्री सव्वातीन तास, धरून चाला अर्धा दिवस. यंत्र अडत नव्हतं. जुळणी आणि खिळे सोडवणं यांत दिवस गेले. त्यात २७ जून ही तारीख पुढे ढकलता येण्यासारखी नव्हती, कारण त्या दिवशी ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चमध्ये विद्यापीठाचा पदवीसमारंभ होता. विल्यम हार्टलीने प्रती आधीच बाकांवर नेऊन ठेवल्या.

पानावरच्या खुणा, ज्या लिप्यंतर करताना पुसायच्या नाहीत:

ग्रीक खिळे नव्हते. ग्रीक शब्द रोमन अक्षरांत आले आहेत. त्यांना ‘सुधारून’ ग्रीक लिपीत टाकू नये.

लॅटिनसाठी लागणाऱ्या ‘ए’ आणि ‘ई’ यांच्या जोडअक्षराचा तुटवडा होता. त्याऐवजी खाली शेपटी असलेला ‘ई’ वापरला आहे. यंत्रवाचनात (छापील पानाचा संगणकाने मजकूर करताना) ती शेपटी हमखास गळते आणि शब्दाची विभक्तीच बदलते.

प्रश्नचिन्हं गॉथिक वळणाच्या, इंग्रजी मजकुराच्या खिळ्यांतली आहेत. कॅम्पियनची शैली प्रश्नांवर प्रश्न फेकण्याची, त्यामुळे हे परकं चिन्ह पानभर डोळ्यांत भरतं. लॅटिन पुस्तकाला इंग्रजी खिळे का, याचं उत्तर सरळ आहे: छापखाना इंग्रजी पुस्तिकांसाठी उभा केला होता.

ऑगस्टमध्ये सरकारने स्टोनरवर धाड घातली, यंत्र जप्त केलं, ब्रिंकली आणि कामगार धरले. म्हणून या खिळ्यांनी नंतर काही छापलं असेल असं गृहीत धरून एखादी अनोळखी पुस्तिका इथे लावायची नाही.

२३ जुलै

खिळ्यांवरून गोव्याचा धागा. ओढून-ताणून आणलेला नाही, म्हणून नोंदतो.

टॉमस पाउंड तुरुंगात जाण्याआधी त्याच्याबरोबर नोकराच्या वेषात हिंडणारा तरुण म्हणजे टॉमस स्टीफन्स, आपले ‘क्रिस्तपुराण’वाले फादर स्टीफन्स. पाउंड पकडला गेला, स्टीफन्स रोमला निसटला, १५७५ मध्ये जेझुइट झाला. पाउंडला संघात घ्यावं म्हणून १५७८ मध्ये त्यानेच रोममध्ये अर्ज केला. ऑक्टोबर १५७९ मध्ये तो गोव्यात उतरला. पुढच्या उन्हाळ्यात मार्शलसीमध्ये कॅम्पियनच्या पत्राच्या नकला होत होत्या, तेव्हा हा इथे होता. वादात त्याचा काही हात नाही. ओळ ‘व्यक्तिसंबंध’ या तक्त्यात गेली, ‘जोड्या’ या तक्त्यात नाही.

छपाईचं साम्य मात्र कामाचं आहे. १६०८ च्या पत्रात स्टीफन्स संघप्रमुखाला कळवतो की या देशाच्या लिपीत पुस्तक छापावं अशी फार दिवसांची इच्छा आहे, पण अडचण साच्यांची: युरोपात २४ पुरतात, इथे ६०० च्या घरात लागतील. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं ते रोमन अक्षरांत. स्टोनरला ग्रीक रोमनमध्ये, रायतूरला मराठी रोमनमध्ये. दोन्हीकडे लेखकाचं अज्ञान शोधणारा वाचक फसतो. खणात काय होतं ते आधी बघावं.

३० जुलै

पहिलं कारण. विषय ‘पवित्र शास्त्र’. सगळ्यात जास्त वेळ याच ओळीने खाल्ला, आणि तो सत्कारणी लागला.

कॅम्पियनचा प्रश्न: प्रोटेस्टंट पंथाचा आद्य सुधारक लूथर याने बायबलमधल्या याकोबाच्या पत्राला भांडखोर, फुगलेलं, कोरडं, पेंढ्याचं म्हटलं आणि ते प्रेषिताच्या आत्म्याला शोभत नाही असं ठरवलं, ते कशामुळे? उत्तर एका शब्दाचं: हताशा. (पुस्तकाचं मनातलं पहिलं नाव इथे डोकं वर काढतं.)

पडताळणीचे टप्पे:

एक. एकाच वाक्यात निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेले शब्द आहेत, हे आधी ओळखायचं. ‘प्रेषिताच्या आत्म्याला न शोभणारं’ हे लूथरच्या १५२० च्या ‘बॅबिलोनियन बंदिवास’ या लॅटिन पुस्तकाकडे जातं. तिथे लूथर तसं मत असलेले पुष्कळ आहेत असं म्हणतो. कॅम्पियनने मधले ‘पुष्कळ’ काढून टाकले.

दोन. ‘पेंढ्याचं’ हे १५२२ च्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत आहे. तिथे ते तुलनेत आलं आहे: योहानाचं शुभवर्तमान, पौलाची पत्रं, पेत्राचं पहिलं पत्र यांच्यापुढे याकोबाचं पत्र पेंढ्याचं. तुलना गाळली की शिवी उरते.

तीन. प्रस्तावनेतला तो भाग लूथरच्या हयातीतच पुढच्या आवृत्त्यांतून गळला. या प्रकरणाची सगळी गोम इथे आहे. ३१ ऑगस्ट १५८१ ला टॉवरमध्ये सेंट पॉल्सचा डीन अलेक्झांडर नोएल आणि विंडसरचा डीन विल्यम डे यांनी लूथरचा ग्रंथ पुढे करून सांगितलं, दाखव कुठे आहे. त्या प्रतीत नव्हतंच. कॅम्पियन म्हणाला, दुसऱ्या आवृत्तीत आहे. पण कैद्याजवळ आवृत्ती कुठली? प्रतिपक्षाने त्याच्यावर खोटा संदर्भ दिल्याचा शिक्का मारला.

म्हणून तक्त्यात ‘संदर्भ खरा की खोटा’ असा एक रकाना होता तो मोडून तीन केले: शब्द कुठे तरी आहेत का, त्या वेळी वादात पुढे केलेल्या प्रतीत होते का, संदर्भासह अर्थ टिकतो का. या ओळीत उत्तरं अनुक्रमे हो, नाही, अर्धवट.

अनुवादाचा शब्द: ‘गवती’, ‘काडीमोलाचं’ आणि ‘पेंढ्याचं’ असे तीन पर्याय होते. ‘काडीमोलाचं’ आकर्षक, पण त्यात किंमत आली आणि प्रतिमा गेली. लूथरच्या शब्दामागे करिंथकरांस पहिल्या पत्रातली (३:१२) सोनं, रुपं, लाकूड, गवत, पेंढा ही यादी असावी असं काही टीकाकार धरतात. मराठी बायबल वाचणाऱ्याच्या कानाला ‘पेंढा’ ओळखीचा. तोच घेतला.

५ ऑगस्ट

टॉवरमधल्या चार बैठका: ३१ ऑगस्ट, १८, २३ आणि २७ सप्टेंबर १५८१. पहिलीत नोएल आणि डे. मधल्या दोन्हींत विल्यम फुल्क आणि रॉजर गोड. शेवटी जॉन वॉकर आणि पत्राला पहिलं उत्तर देणारा चार्क.

‘पूर्वपक्ष’ आणि ‘उत्तरपक्ष’ हे शब्द इथे लावताना घोळ झाला. आपल्याकडे ग्रंथकार स्वतःच पूर्वपक्ष मांडतो आणि मग सिद्धान्त. इथे विद्यापीठी वादाची पद्धत आहे: एक बाजू आक्षेप घेणारी, दुसरी फक्त उत्तर देणारी. आव्हान कॅम्पियनचं, म्हणून तो आक्षेपक असेल असं वाटतं. प्रत्यक्षात त्याला चारही दिवस उत्तरदात्याच्या जागी बसवलं. आक्षेप घेऊ द्या म्हणून त्याने मागणी केली, ती मान्य झाली नाही. त्याला पूर्वसूचना नव्हती, पुस्तकं नव्हती, आणि त्याआधी अवयव ताणणाऱ्या यंत्रावर, रॅकवर, चढवलं होतं. तक्त्यात ‘आक्षेपक’ आणि ‘उत्तरदाता’ हेच शब्द.

छापील वृत्तांत डीन मंडळींनी काढला, दोन वर्षांहून अधिक काळाने. तोवर कॅथलिकांची हस्तलिखित टिपणं फिरत होती आणि त्यांत डीन हरले होते. म्हणजे हा ‘खरा वृत्तांत’ही अब्रूचा बचावच, फक्त जिंकलेल्या बाजूचा. प्रश्नोत्तरं जुळवताना छापील आणि हस्तलिखित पाठ शेजारी लावले, एका पाठात भरून दुसरा पुसला नाही. कॅम्पियनची उत्तरं छापील पाठात आखूड आणि आक्षेप लांब, हस्तलिखितांत उलट. लांबी मोजून निष्कर्ष काढू नये, पण दोन्ही लांब्या नोंदवाव्यात.

आदरार्थी रूपांचा निर्णयही आज झाला. कॅम्पियनला अहोजाहो आणि हॅनमरला एकेरी असं नकळत होत होतं. दुसऱ्या मसुद्यात नेमकं उलट. मराठीत क्रियापदच बाजू घेतं. निवेदनात सगळे एकेरी, राणीसुद्धा. संवादात मूळ मजकुरात जे असेल ते.

‘पोपपंथी’ हा शब्द फक्त अवतरणात. ‘पाखंडी’ दोन्ही बाजूंच्या तोंडी येतो, तोही अवतरणातच.

११ ऑगस्ट

श्रद्धेचा बचाव सोडून निव्वळ नावलौकिकाचा बचाव असलेली एक जोडी मिळाली, आणि ती एकाच बाजूच्या दोघांची.

कॅम्पियन १७ जुलै १५८१ ला बर्कशरमधल्या लायफर्ड ग्रेंजच्या भिंतीआडून सापडला. पकडणारा जॉर्ज एलियट. काही दिवसांतच अँथनी मंडेने अटकेची हकिकत छापली. एलियटने लगेच स्वतःची हकिकत काढली; तिच्या लांबलचक शीर्षकातच मंडेचं नाव घेऊन त्याच्या आधीच्या ‘अत्यंत असत्य’ पुस्तकाचा समाचार घेतल्याचं जाहीर केलं. श्रेय कोणाचं, एवढाच वाद. नोव्हेंबरात दोघेही खटल्यात सरकारी साक्षीदार म्हणून उभे राहिले. कॅथलिक लेखकांनी एलियटचं नाव ‘यहूदा’ पाडलं.

वर्गीकरणात ‘श्रद्धा’, ‘अब्रू’, ‘दोन्ही’ असे तीन खण आहेत. एलियट ‘अब्रू’त. कॅम्पियनचं पत्र ‘दोन्ही’त. पर्सन्सचं ‘ब्रीफ सेन्शर’ (१५८१, चार्क आणि हॅनमर दोघांना एकत्र उत्तर) कुठे टाकायचं यावर एकमत नव्हतं. ते जेझुइट संघाच्या नावासाठी लढतं, पंथाच्या सिद्धान्तांना कमी जागा देतं. ‘दोन्ही’त ठेवलं.

१८ ऑगस्ट

‘मृत्यूचं कारण’ हा रकाना चालेना.

१ डिसेंबर १५८१, लंडनचं फाशीचं ठिकाण टायबर्न; कॅम्पियनबरोबर राल्फ शेर्विन आणि अलेक्झांडर ब्रायंट. तारखेवर वाद नाही, कारणावर सगळा वाद. १५८१ च्या नव्या कायद्याने लोकांना रोमच्या पंथात वळवून राणीच्या निष्ठेपासून तोडणं हा देशद्रोह ठरवला होता आणि चर्चला न जाणाऱ्याला महिन्याला २० पौंड दंड. पण खटला भरला तो १३५२ च्या जुन्या देशद्रोह कायद्याखाली, रोम आणि रीम्समध्ये राणीविरुद्ध कट केल्याबद्दल. सरकारला धर्माचं नाव नको होतं. कॅम्पियनच्या चौथ्या कलमाने नेमकं हेच आधी ओळखलं होतं.

बर्लीची ‘इंग्लंडमधली न्यायाची अंमलबजावणी’ (डिसेंबर १५८३) म्हणते, एकालाही धर्मासाठी मारलं नाही. हे द्रोही होते. परदेशातला इंग्लिश कॅथलिक नेता विल्यम ॲलन याचं ‘खरं, प्रामाणिक आणि विनम्र समर्थन’ (१५८४) म्हणतं, पोपने राणीला पदच्युत केलं तर तुम्ही कोणाच्या बाजूने, असे काल्पनिक प्रश्न विचारून श्रद्धेलाच द्रोह बनवलं. राणीला पदच्युत जाहीर करणारा १५७० चा पोपचा फतवा दोन्ही पुस्तकांच्या मुळाशी. बर्लीच्या पुस्तिकेचे परदेशांसाठी लॅटिन, फ्रेंच, डच, इटालियन अनुवाद निघाले. अब्रू घरापेक्षा बाहेर जास्त सांभाळायची होती. मध्येच १५८३ ची एक छोटी सरकारी पुस्तिका आहे. रॅक सौम्यपणे वापरला, कॅम्पियन लगेच चालू-लिहू शकत होता, असा तिचा दावा. छळाचं हे समर्थन वाचताना आरोप काय होता ते आपोआप कळतं.

रकाना फोडला: ‘आरोपपत्रातलं कलम’, ‘सरकारी बाजूचा शब्द’, ‘कॅथलिक बाजूचा शब्द’. ‘हौतात्म्य’ आणि ‘देहदंड’ यांतला एक शब्द आपल्या निवेदनात निवडायचा नाही. ‘फाशी व अवयवछेद’ असं कृतीचं वर्णन.

२२ ऑगस्ट

यंत्रवाचनाची दुरुस्ती, थोडक्यात. लांब ‘एस’ हे अक्षर यंत्राला ‘एफ’ वाटतं. ‘यू’ आणि ‘व्ही’ त्या काळी शब्दातल्या जागेनुसार बदलतात, तसेच ‘आय’ आणि ‘जे’. शोध घेताना दोन्ही रूपं टाकावीत. स्वरावरची आडवी रेघ म्हणजे गाळलेला ‘एम’ किंवा ‘एन’. पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द छापलेला असतो; तो मजकुरात घुसला की शब्द दोनदा येतो. समासातले संदर्भ वेगळ्या थरात काढले. ‘दहा कारणे’ला प्रोटेस्टंट पंडित व्हिटेकरने दिलेल्या लॅटिन उत्तरात (१५८१) समास आणि मजकूर यंत्राने एकत्र कालवले होते. तो भाग हातानेच.

२९ ऑगस्ट

मृत्यूनंतरच्या ओळी भरल्या. टॉमस ऑल्फील्डचा ‘खरा वृत्तांत’ (१५८२), गुप्तपणे छापलेला, शेवटी कविता जोडलेल्या. मंडेने त्याच वर्षी उत्तर दिलं. ऑल्फील्डच्या पुस्तकापायी स्टीफन व्हॅलेंजरला स्टार चेंबर न्यायालयाने कान कापण्याची शिक्षा दिली. ऑल्फील्डला जुलै १५८५ मध्ये फाशी झाली, पण ती दुसऱ्या पुस्तकापायी, ॲलनचं ‘समर्थन’ वाटल्याबद्दल. मसुद्यात ही फाशी ‘खरा वृत्तांत’च्या ओळीत गेली होती, ॲलनच्या ओळीत हलवली.

‘शिक्षा’ हा रकाना आता लेखक, मुद्रक आणि वाटणारा असा तीन भागांत. वाटणाऱ्यांचा भाग सगळ्यात भरलेला दिसतो.

शिल्लक: व्हिटेकरला स्कॉटिश जेझुइट जॉन ड्यूरीने दिलेलं उत्तर (पॅरिस, १५८२) आणि व्हिटेकरचं त्यावरचं प्रत्युत्तर (१५८३). पहिल्या कारणापासून, याकोबाच्या पत्राच्या ओळीपासून जुळवायला घ्यायचं. रिचर्ड स्टॉकचा १६०६ चा इंग्रजी अनुवाद पडताळणीला वापरायचा, पाठ म्हणून नाही. त्यात ड्यूरीचं म्हणणं समासातल्या टिपांत आखडून घातलं आहे.